बाकी पाच विपळे

मी एक जुनी संख्या आहे. सात लक्ष वीस हजार सातशे वीस हे माझे नाव. मित्रांनो, नाव ऐकूनच तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मला कळले. पडू द्या. तुमच्या पणजोबांच्या कपाळालाही पडल्या होत्या, आणि त्यांना निदान तिसापर्यंत पाढे तरी येत होते.

खरे म्हणजे संख्या जन्माला येत नाही. बालाघाटच्या डोंगरात दगड नव्हता तेव्हाही मी होतेच. पण माणसाला जे सापडते ते आपणच घडवले असे सांगायची त्याला भारी हौस. त्या हिशेबाने माझा जन्म फसली तेराशे सतरा साली झाला. निजामाच्या राज्यात साल मोजायची तीच रीत होती. गाव घाटनांदूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. गावाचे नाव मी सांगणार नाही. सांगितले तर तिथल्या लोकांना त्याचाही अभिमान वाटू लागेल.

आधी माझी ओळख नीट करून घ्या. पाटीवर सातशे वीस लिहा आणि लगेच शेजारी पुन्हा सातशे वीस लिहा. झाले, ती मी. कोणतीही तीन अंकी संख्या अशी दोनदा शेजारी लिहिली की तिला सातने, अकराने आणि तेराने भाग जातोच, कारण ती एक हजार एकची पट असते, आणि सात, अकरा, तेरा यांचा गुणाकार हजार एकच येतो. उरलेले काम माझे सातशे वीस करतात. थोडक्यात, एकापासून सोळापर्यंत कोणत्याही आकड्याने मला भागा, बाकी शून्य. हे जिला जमते अशी माझ्याहून लहान संख्या नाही. मला एकंदर दोनशे चाळीस भाजक आहेत. तुम्हाला जिवाभावाचे मित्र किती, ते मोजा आणि मग माझ्याशी बोला.

अशी मी, आणि माझ्या वाट्याला काम काय आले? पाण्याची पाळी.

त्या गावाच्या वर डोंगरात एक झरा होता. त्याचे पाणी रात्रंदिवस एका पाटाने खाली येई आणि मळ्यांना वाटले जाई. वाटणी वेळेने व्हायची. दिवसरात्र मिळून साठ घटका, घटकेची साठ पळे आणि पळाची साठ विपळे. तुमच्या घड्याळात घटका म्हणजे चोवीस मिनिटे. पाटाच्या तोंडाशी दगडी हौद होता. त्यात बुडाला बारीक भोक असलेले तांब्याचे भांडे सोडत. ते भरून बुडाले की एक घटका झाली. दोनशे घटकांत पाण्याचा एक फेरा पुरा होई आणि तेवढ्या वेळेचे हिस्से पडत.

हिस्से किती? गावाचा कायदा होता, जितक्या चुली तितके हिस्से. एका घरातले भाऊ वेगळे झाले आणि दुसरी चूल पेटली, की सगळ्या गावाची वाटणी पुन्हा पहिल्यापासून. बारा चुली होत्या तोवर ठीक चालले. मग दोघे भाऊ एका म्हशीवरून भांडले आणि तेरावी चूल पेटली. दोनशे घटका म्हणजे सात लक्ष वीस हजार विपळे. तेराने भागल्यावर आठ विपळे उरली. त्या आठ विपळांचे पाणी कुणाचे, यावरून दोन डोकी फुटली आणि एकाचा खांदा निखळला. आठ विपळे म्हणजे तुम्हाला एक जांभई द्यायला लागते तेवढा वेळ.

तेव्हा गावचे जोशी राधाकिशन पुढे सरसावले. पंचांग सांगणे, भांडे सोडणे आणि तपकीर ओढणे ही त्यांची तीन कामे. चौथे म्हणजे आपल्या शहाणपणाचे कौतुक, ते त्यांना कुणी सांगावे लागत नसे. आठ दिवस त्यांनी धूळपाटीवर बोटे घासली. शेवटी फेऱ्यात बारा पळे, म्हणजे सातशे वीस विपळे वाढवली, आणि धुळीत मी उमटले.

ते पाटलाला म्हणाले, "पाटील, आता चुली सोळा होऊ द्या, एक विपळ मागं उरणार नाही. ही सोळा आणे संख्या आहे."

"आन् सतरा जाल्या तर?" भगवानराव पाटलाने विचारले.

"रुपयाला सतरावा आणा असतो का? सोळाला सगळं पुरं होतं."

मित्रांनो, हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. रुपयाचे आणे सोळा, म्हणून गावातल्या चुलीही सोळाच्या पुढे जाणार नाहीत, असा हा शास्त्रार्थ. सगळ्या चावडीने माना डोलावल्या. मी धुळीत होते, नाहीतर तिथून उठून गेले असते.

मग माझे दिवस आले. पाटाच्या तोंडाशी एका काळ्या दगडावर मला कोरले. मोमिनाबादेहून, म्हणजे आता ज्याला तुम्ही अंबाजोगाई म्हणता तिथून, आलेला एक सरकारी माणूस मला बघून "वाह" म्हणाला. त्याला काही कळले होते असे नाही. दसऱ्याला मला हळदकुंकू लागे. आणि माझ्यापुढे काय चाले? ज्याची पाळी असे तो भांड्याच्या भोकाला हळूच बोटभर चिखल लावी, म्हणजे भांडे उशिरा बुडे. सगळेच लावत. पाव घटका चोरून माणूस मला नमस्कार करून घरी जाई. गाढवाला गुळाची चव काय? तेराची चौदा, चौदाची पंधरा, बघता बघता सोळा चुली झाल्या. मी प्रत्येक वेळी पुरी पडले. सोळा हिश्शांत प्रत्येकाला बारा घटका, तीस पळे, पंचेचाळीस विपळे. वर एक नाही, खाली एक नाही.

मग म्हाळू वारला.

हा म्हाळू म्हणजे अर्जुनरावाचा धाकटा भाऊ. दोघे एका चुलीवर होते. म्हाळूने स्वतःच्या हाताने पानमळा लावला होता. नागवेलीचे काम फार नाजूक. चार दिवसांत पाणी मिळाले नाही तर पान कडेने पिवळे पडते आणि दहा-बारा दिवसांत वेल गळून पडतो. म्हाळू तापाने गेला, तेव्हा मागे त्याची बायको साखराबाई आणि एक तान्ही पोर राहिली. तेरावा झाल्यावर अर्जुनरावाने जाहीर केले, की पानमळा आता तो बघेल आणि साखराबाईला दोन वेळची भाकर मिळेल. दुसऱ्या दिवशी साखराबाईने पानमळ्याच्या कडेला तीन दगड मांडले आणि चूल पेटवली.

ती सतरावी चूल होती.

अर्जुनरावाने आरडाओरडा केला नाही. तो तसल्यांपैकी नव्हता. त्याने फक्त पानमळ्याकडे जाणारे पाणी बंद केले आणि जोशीबुवांना विचारले, "सतराने भाग जातोय का बगा बरं." जोशीबुवांनी भागून पाहिले. प्रत्येकी बेचाळीस हजार तीनशे पंच्याण्णव विपळे, आणि बाकी पाच.

सहाव्या दिवशी चावडीवर गाव जमले. साखराबाई पदर डोक्यावर घेऊन दाराशी उभी होती, पोर काखेत. भासऱ्याने, म्हणजे थोरल्या दिराने, भावजयीशी थेट बोलायचे नाही अशी रीत. म्हणून अर्जुनराव तिच्याबद्दल पाटलाला सांगू लागला.

"पाटील, आमचं मन काय लहान न्हाई. पर गणितच न्हाई म्हनतंय. पाच विपळं उरत्यात. त्या पान्याला मालक कोन? बिनमालकाचा माल सरकारजमा व्हतो. उद्या मोमिनाबादेचा शिपाई पाटावर यून बसंल, म्हनंल, ह्ये पानी सरकारचं. मंग सोळाच्या सोळा मळे बोंबलत बसतील. आन् घरात भाकर हाय की तिला. उपाशी कोन ठिवतंय?"

ही अक्कल बघा. झऱ्याचे सगळे पाणी सरकारने अजून नेले नव्हते. ते पाच विपळांसाठी येणार होते. पण सरकारचे नाव काढताच सगळ्यांचे चेहरे उतरले. कुणाला हे सुचले नाही, की फेऱ्यातून पाच विपळे कमी केली तर सतराने बिनबाकी भाग जातो. खोटे कशाला बोलू, एकाला सुचले होते. राधाकिशन जोश्यांना. पण मग दगडावरचा आकडा खोडावा लागला असता. आपण सोळावर का थांबलो, तेही सांगावे लागले असते. आपल्या चुकीला हात लावण्यापेक्षा दुसऱ्याचा मळा वाळलेला माणसाला परवडतो.

पाटलाने विचारले, "जोशीबुवा, दुसरा इलाज न्हाई का?"

"आहे ना," जोशीबुवा तपकिरीची चिमूट झटकून म्हणाले. "संख्येची सतरापट करायची. एक कोटी बावीस लक्ष बावन्न हजार दोनशे चाळीस. सतराने भाग जातो, अठरानेही जातो. फेरा मात्र छप्पन्न दिवस, त्रेचाळीस घटका, चोवीस पळांचा होईल."

"म्हंजी एकदा पानी घेतलं की पुन्ना छप्पन्न दिसांनी?"

"गणित चोख आहे."

गणित चोख होते, हे मी कबूल करते. कांदा, मिरची आणि नागवेल यांना मात्र कुणी विचारले नव्हते.

अर्जुनराव म्हणाला, "मंग ठरलं. सतरावी चूल पाटाला मंजूर न्हाई." दोघातिघांनी 'खरं हाय' म्हटले. मी तिथे नसून असल्यासारखी होते, कारण सगळे माझ्याच आडून बोलत होते. खरी गोष्ट पाच विपळांची नव्हती. सतरावा हिस्सा पडला असता तर प्रत्येकाचे चव्वेचाळीस पळे आणि दहा विपळांचे पाणी कमी झाले असते. पाऊण घटकासुद्धा नाही. ते द्यायचे नव्हते, आणि तसे तोंडाने म्हणायची लाज वाटत होती. नाचता येईना अंगण वाकडे. इथे अंगण मी झाले.

तेव्हा साखराबाई पहिल्यांदा बोलली. तिने पाटलाकडे पाहिले, जोशीबुवांकडे पाहिले.

"जोशीबुवा, पाच विपळं म्हंजी किती वो?"

जोशीबुवांना कुणी विचारलेले फार आवडे. ते सरसावून बसले. "एक दीर्घ अक्षर उच्चारायला लागतो तेवढा वेळ म्हणजे एक विपळ. का, खा, गा, घा, चा. झाली पाच. शास्त्रात असंच मोजतात."

"पाच लांब अक्षरं."

"बरोबर."

"तेवढ्या येळात जे पानी जातं त्याला मालक न्हाई, म्हनून माजा मळा वाळवायचा?"

साखराबाईने पोर दुसऱ्या काखेत घेतली. मग सावकाश, एकेक अक्षर वेगळे काढून ती म्हणाली, "ह्ये पानी माजं."

जोशीबुवांची बोटे सवयीने मिटत गेली. ह्ये, पा, नी, मा, जं. पाचही दीर्घ. मूठ पुरी झाली.

साखराबाई म्हणाली, "सरली न्हवं बाकी? फेरा संपला की मी पाटावर यून येवढं बोलत जाईन. मी मालक. सरकारला कशापायी यावं लागतंय आता?"

पाटील मोठ्याने हसला. तो दयाळू होता म्हणून नव्हे, अर्जुनरावाची फजिती बघून. गावात न्याय झाला तर बहुधा असाच होतो, मित्रांनो, कुणाची तरी जिरावी म्हणून. पण झाला. अर्जुनरावाने जाता जाता एक मेख मारून ठेवलीच.

"कबूल. पर दर फेऱ्याला यायचं. एकदा चुकली, का बाकी बेवारस, आन् हिस्सा रद्द."

"कबूल," साखराबाई म्हणाली. तेही पाटलाकडे बघून.

त्यानंतर दर तीन दिवस, वीस घटका आणि बारा पळांनी ती पाटावर येई. वेळ दर फेऱ्याला सरके. कधी पहाट, कधी टळटळीत दुपार, कधी दिवेलागण. ती दगडापाशी उभी राही, माझ्यावर पाय पडणार नाही एवढे बघे आणि आपली पाच अक्षरे बोले. मग जोशीबुवा नवे भांडे सोडत. बायका आधी हसल्या. मग भामाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, की हा पाणी वाढवायचा मंत्र आहे. झाले, सगळ्या बायका घागर भरताना तेच पुटपुटू लागल्या. पानमळा पुन्हा हिरवा झाला. सात वर्षे, सातशेहून जास्त फेरे, साखराबाई एकदाही चुकली नाही. तेवढ्या काळात अर्जुनराव मात्र दर फेऱ्याला पाटावर हजर असे, आशेने.

आठव्या वर्षी मार्गशीर्षात तिला ताप आला. घसा सुजला, आवाज बसला. फेरा संपायची वेळ ऐन दुपारची होती. ती घोंगडी पांघरून, पोरीच्या खांद्यावर हात टेकत पाटावर आली. दगडापाशी उभी राहिली. तोंड उघडले. ओठ हलले. आवाज फुटला नाही.

भांडे बुडाले.

"पाटील, तुमी ऐकलं का काई?" अर्जुनराव म्हणाला. "मी तर न्हाई ऐकलं. बाकी बेवारस ऱ्हायली."

पाटील पागोटे सावरत इकडेतिकडे बघू लागला. साखराबाईने पुन्हा तोंड उघडले. घशातून नुसता वारा आला. तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि मला, संख्येला, पहिल्यांदा स्वतःची शरम वाटली. दोनशे चाळीस भाजकांचा तोरा मिरवणारी मी. ज्या एका आकड्याने मला भाग जात नव्हता, तो माझ्यासमोर उभा होता आणि मी दगडात कोरलेली, मुकाट.

तेवढ्यात म्हातारे राधाकिशन जोशी हौदावरून उठले. ते म्हणाले, "थांबा. हे पाणी तिचं."

आणि सवयीने बोटे मोजली. मग त्यांचा चेहरा पडला. 'ति' ऱ्हस्व. ऱ्हस्वाला अर्धेच विपळ. साडेचारच झाली.

अर्जुनराव हसला. "अर्धं कमी पडलं, जोशीबुवा. तुमचंच शास्तर हाय."

जोशीबुवांनी त्याच्याकडे पाहिले. आयुष्यभर आपल्या आकड्याला धक्का लागू नये म्हणून ज्याने एक मळा वाळू दिला असता, तो हा माणूस. त्याने मोठा श्वास घेतला, हात अर्जुनरावाच्या नाकासमोर धरला आणि एकेक बोट मिटत म्हणाला,

"पा. णी. बा. ई. चं."

पाच. मूठ तशीच ठेवून ते पाटलाला म्हणाले, "लिहून घ्या. बाकी दुसऱ्यानं बोललेली चालते. आणि सोळावर थांबलो ती चूक माझी होती, रुपयाची नव्हती." मग त्यांनी भांडे उचलले, आधी भोकातला चिखल काडीने काढला, आणि पाण्यावर सोडले.

त्या दिवशी मला माणसाबद्दल बरे वाटले. फार वेळ नाही. पाच विपळे.

पुढचे थोडक्यात सांगते. घड्याळे आली, भांडे कुणीतरी मोडीत घातले. झऱ्याच्या तोंडाशी लोकांनी दगड काढले, पाणी आटत गेले. जोशीबुवांच्या मागे मला भागून बघणारे कुणी उरले नाही. माझा दगड आता एका अंगणात पालथा पडला आहे आणि त्यावर धुणे आपटतात. साबणाचे पाणी ओघळून खाली माझ्या शून्यांत शिरते. मला त्याचे दुःख नाही. मी दगडात नव्हतेच कधी. पण तो दगड उलटा करून बघावा असे एकालाही वाटले नाही, हे तुमच्या स्वभावाला धरूनच आहे.

मित्रांनो, तुम्ही शाळेत भागाकार करता. बाकी उरली की ती कोपऱ्यात लिहून पाटी पुसता. पुसा. पण वाटणी धान्याची, जमिनीची किंवा पाण्याची असेल, तेव्हा पुसण्याआधी एकदा दाराकडे बघा. तिथे कुणी उभे असेल. बाकी किती उरली ते मला विचारू नका, ती कुणाची आहे ते त्यांना विचारा. आणि त्यांचा आवाज बसलेला असेल, तर तुम्ही म्हणा. पाच अक्षरे आहेत, तुम्हालाही जमतील.